एका पायावर

मित्राने पत्रात लिहिलं होतं, "घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पण ये." निवृत्त ग्रंथपालाने उत्तर दिलंच नव्हतं, कारण गुडघ्यांचा भरवसा नव्हता. आज दवाखान्यात त्याच्यासमोर एक म्हातारी चक्क एका पायावर उभी होती. शेजारी तिची भावजय बसली होती.

"वन्सं, बसा हो. पडाल."

"पडायला काय झालं?"

"रोज चालता ते पुरे नाही का?"

"चालत होते, तरी न्हाणीघरात घसरलेच ना? पायात जोर होता, तोल नव्हता. आसनं करायला लागल्यापासून तोल येतोय."

"या वयात?"

"मग काय वर गेल्यावर करू? लेकाला सांगितलंय, जमिनीवरून हात न टेकता उठून दाखवते. मग मी माझ्याच घरात एकटी राहणार."

"जमलं का?"

"निम्मं."

"निम्मं म्हणजे?"

"एकच हात टेकला." समोर ग्रंथपालाला हसू आलं. "अहो, हसताय काय? उठा, करून बघा!"

"मी? मला नाही..."

"खुर्ची धरा. मीही आधी धरायचे."

ग्रंथपाल लाजत उठला. खुर्ची घट्ट धरून त्याने एक पाय उचलला.

संध्याकाळी त्याने मित्राला लिहिलेलं कार्ड टपालपेटीत टाकलं : "पुढच्या महिन्यात येतो. दुसऱ्या मजल्यावर एक खुर्ची ठेव."