ऑरिन टिंग्लीच्या हाकेला ओ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि केनर्ड फ्युझिलियर्सचे कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल स्टाइल्ससाहेब, व्यासपीठावर विराजमान असलेल्या आपल्या मानद कर्नल श्रीमती ऑगस्टा फाउलर, रेव्हरंड प्लमर, आजचे सत्कारमूर्ती रेजिमेंटल सार्जंट मेजर लॉइड एस्टाब्रुक्स, त्यांना इतकी वर्षं निमूटपणे सांभाळून घेणाऱ्या मर्लीनवहिनी, आजी-माजी सैनिक, त्यांची कुटुंबं, बेलिस फॉल्सचे माझे सर्व बंधुभगिनी, आणि आता आलेच आहेत म्हणून शेजारच्या अप्पर कीथचेही बंधुभगिनी!

मी व्हर्ना कॉर्मिए. नव्या मुलांसाठी सांगते, तुमच्या आधीच्या पिढीला एक नंबर मोठे बूट देऊन "दोन मोजे घाल, होईल बरोबर" असं सांगणारी क्वार्टरमास्टर सार्जंट ती मीच. मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत. कर्नलसाहेब, तुम्ही मला ओळखता, तेव्हा घड्याळ काढून ठेवलंत तरी चालेल.

लॉइड आणि मी एकाच मंगळवारी या ड्रिल हॉलमध्ये भरती झालो. तो अप्पर कीथचा, मी बेलिस फॉल्सची. पहिल्याच संध्याकाळी तो मला म्हणाला, "तुम्ही फॉल्सची माणसं नदीच्या वरच्या अंगाला राहता म्हणून स्वतःला वरची समजता काय?" मी म्हटलं, "समजायचं काय त्यात, दिसतंच की!" तिथपासून जी जुंपली ती आजतागायत चालू आहे. आज निरोपाच्या दिवशी तरी गोड बोलावं, असं मर्लीनवहिनी मघाशी मला बजावून गेल्या. प्रयत्न करते.

पण आधी एक गोष्ट. लॉइड दोन वर्षं आधीच बाहेर पडतो आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वयाची अट अजून लांब होती. कर्नलसाहेबांनी थांब म्हणून गळ घातली. श्रीमती फाउलर स्वतः त्याच्या घरी जाऊन आल्या. याचं उत्तर एकच, "नाही, मॅडम." मग गावात काय काय उठलं! कुणी म्हणे त्याचे गुडघे गेले. कुणी म्हणे कर्नलसाहेबांशी वाजलं. हॅरल्ड्सच्या केशकर्तनालयात तर अशी बातमी होती की वहिनींनी त्याला दोनपैकी एक निवडायला सांगितलं, ही पलटण की मी. वहिनी, हसू नका, मी स्वतः ऐकलंय. खरं कारण मला माहीत आहे. लॉइड ते कधीच सांगणार नाही, म्हणून आज मी सांगणार आहे. लॉइड, बस खाली. आज हुकूम माझा चालतो.

यंदा आपल्या रेजिमेंटला सव्वाशे वर्षं झाली. वंशावळ तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. अठराशे सहासष्ट साली अमेरिकेच्या सीमेपलीकडून हल्लेखोर येणार अशी आवई उठली आणि आपल्या पूर्वजांनी शिकारीच्या बंदुका घेऊन पुलावर पहारा बसवला. हल्लेखोर काही आले नाहीत. पकडला कोण, तर काकवीची पिंपं घेऊन येणारा अप्पर कीथचा एक बिचारा दुकानदार. ती काकवी पहाऱ्यावरच्यांनी फस्त केली, आणि त्याचा राग अप्पर कीथनं अजून सोडलेला नाही. तरी पुढच्याच वर्षी त्यांनी आपली एक कंपनी या पलटणीत घातली. हा त्यांचा मोठेपणा. घ्या, एक गोड बोलले.

मग आली एकोणीसशे पंधरा सालची केनर्ड बटालियन. इथूनच, या जमिनीवरून, हजारावर पोरं उभी राहिली. गिरणीतली, जंगलात लाकूड तोडणारी, बटाट्याच्या शेतांतली. गावच्या बायकांनी त्यांच्यासाठी झेंडा शिवला. बँड वाजवत ती आगगाडीत बसली, जहाजानं इंग्लंडला पोचली, आणि तिथं पोचल्यावर त्यांची बटालियन मोडली. दुसऱ्या पलटणींत माणसं कमी पडत होती. पन्नास इकडे दिले, तीस तिकडे दिले. टोपीवरचा आपला बिल्ला काढून ठेवायचा, दुसऱ्याचा लावायचा आणि फ्रान्सला निघायचं. सख्खे भाऊसुद्धा वेगवेगळ्या पलटणींत गेले. केनर्ड बटालियन म्हणून ती पोरं एक दिवसही लढली नाहीत. लढली ती परक्यांच्या नावानं, आणि मेलीही परक्यांच्या नावानं.

युद्ध संपल्यावर सरकारनं त्या बटालियनचा वारसा आपल्या रेजिमेंटला दिला. वारसा म्हणजे तिचा झेंडा आपला, तिची आठवण आपली, तिचं नाव पुढं चालवायचं काम आपलं. पुढच्या युद्धात आपली रेजिमेंट आपल्याच बिल्ल्यानं इटलीत लढली, आणि तिथून परतल्यावर आपल्याकडे ती प्रथा सुरू झाली. अकरा नोव्हेंबरला, युद्धात पडलेल्यांच्या स्मरणदिनी, स्मारकासमोर रेजिमेंटल सार्जंट मेजर पडलेल्यांची नावं एकेक करून पुकारतो, आणि घरचं कुणी पुढं होऊन "हजर" म्हणतं. गणवेशातल्या माणसानं उत्तर द्यायचं नाही. हाक पलटणीची, ओ घरच्यांची. घरचं कुणी उरलंच नसेल, तर नाव पुकारून आपण थोडं थांबतो आणि पुढं जातो. ते थांबणं किती जड जातं, हे इथं कुणाला सांगायला नको.

आता मुद्द्यावर येते. हेस्टरमावशी टिंग्ली. गावचं टेलिफोन एक्सचेंज चालवायच्या. त्यांचा थोरला भाऊ ऑरिन त्या बटालियनमधून गेला, तेव्हा मावशी नऊ वर्षांच्या होत्या. टोरांटोकडच्या एका पलटणीत त्याला घातलं आणि तीन महिन्यांत तो गेला. गावच्या स्मारकावर त्याचं नाव कोरलेलं आहे. पण आपल्या पुकाऱ्यात नव्हतं. आपला नियम असा, की आपला बिल्ला लावून पडला तो आपला. आणि ऑरिन पडला तो दुसऱ्याचा बिल्ला लावून.

मावशी दर नोव्हेंबरला यायच्या, काळा कोट घालून, घरच्यांच्या रांगेत उभ्या राहायच्या. सगळी नावं व्हायची. मावशी हातमोजे काढायच्या, पुन्हा घालायच्या आणि घरी जायच्या. मी किती वर्षं ते पाहिलं! आपण सगळ्यांनीच पाहिलं. बिचाऱ्या, म्हणायचो आणि चहाला जायचो.

लॉइड सार्जंट मेजर झाला त्या पहिल्याच वर्षी मावशींनी त्याला स्मारकापाशी गाठलं. मी शेजारीच होते.

"लॉइड, मला एकच सांग. आमचा ऑरिन तुमचा आहे की नाही?"

"मावशी, नियमाप्रमाणे तो त्या टोरांटोवाल्यांच्या हिशेबात जातो."

"त्यांनी त्याला तीन महिने पाहिला रे. त्याला बीन्स आवडत नाहीत हे तरी त्यांना ठाऊक असेल का?"

एरवी याला गप्प करायला मला अर्धा तास लागतो, मावशींनी एका वाक्यात केला.

त्यानंतर पंधरवड्यानं इथंच रेजिमेंटचं वार्षिक जेवण होतं. तेव्हा कमांडिंग ऑफिसर होते कर्नल वेटमोर. देवमाणूस, पण नियमाला चिकटला की उचकटता येणार नाही असा. ते उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे वंशावळ सांगू लागले. पुलावरचा पहारा झाला, मग म्हणाले, "एकोणीसशे पंधराची ती थोर बटालियन, जिचे आपण अभिमानी वारस आहोत..." आणि लॉइड उठला. जेवणाच्या टेबलावर, कर्नल बोलत असताना! मला वाटलं, मेला आता हा.

"माफ करा साहेब, एक विचारू?"

"बसा, मिस्टर एस्टाब्रुक्स."

"बसतो. पण झेंडा घेताना ती बटालियन आपली, आणि माणसांची नावं घ्यायची वेळ आली की ती परकी, हे कसं काय? मुलगी सासरी गेली म्हणून माहेरचे तिचं नाव टाकतात का? आणि यांना तर विचारलंसुद्धा नव्हतं, साहेब. रांगेत उभं करून वाटून दिलं."

कर्नलसाहेब लालबुंद झाले. "नियम तुम्ही केलेला नाही, आणि मोडणारेही तुम्ही नाही!" म्हणाले आणि पुडिंगला हात न लावता निघून गेले. तेही खजुराचं पुडिंग! लॉइड तिथंच बसून राहिला. मी त्याला म्हटलं, "मूर्खा, हुद्दा घालवलास." तो म्हणाला, "व्हर्ना, ती बाई पुढच्या नोव्हेंबरला पुन्हा येणार गं. मी तिच्या तोंडाकडे बघून कसा पुकारू?" त्याचे डोळे भरले होते. फॉल्सच्या मुलीनं अप्पर कीथच्या माणसाला रुमाल द्यायची रेजिमेंटच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ असावी.

दुसऱ्या दिवशी कर्नल वेटमोर स्वतः लॉइडकडे गेले. आपली पलटण संध्याकाळची, दिवसा याची नोकरी महामार्ग खात्याच्या गॅरेजमध्ये; हा तिथं बर्फ सारायचं यंत्र दुरुस्त करत होता, हात तेलानं माखलेले. कर्नल दारातच उभे राहून म्हणाले, "माझा मामा त्याच बटालियनमधला होता. त्याचंही नाव मी कधी ऐकलेलं नाही. मला वाटायचं, असंच असतं." मग म्हणाले, "पुकारा सगळ्यांना." आणि कोटाला तेल लागेल याची पर्वा न करता त्यांनी हात पुढं केला. आज ते हयात नाहीत. पण हा नियम त्यांनी बदलला, हे या सभागृहात मोठ्यानं सांगितलं पाहिजे.

तर तो नोव्हेंबर उजाडला. पाऊस आणि बर्फ दोन्ही एकदम पडत होतं, आपल्याकडे पडतं तसं. इटलीतली नावं झाली. लॉइड थांबला, आणि पहिल्यांदाच केनर्ड बटालियनची नावं सुरू झाली. "प्रायव्हेट ऑरिन टिंग्ली!"

मावशी पुढं झाल्या. मी त्यांना आदल्या दिवशी दोनदा सांगितलं होतं, मावशी, फक्त "हजर" म्हणायचं. त्यांनी मान हलवली होती. त्या उभ्या राहिल्या, हनुवटी वर केली, आणि आपल्या त्या पातळ, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आलाच तो, आई!"

जेवायला बसायच्या वेळी त्यांची आई मागच्या दारातून ऑरिनला हाक मारायची. तो असायचा नदीवर, आणि धाकटी बहीण त्याच्या वतीनं ओरडायची. कितीतरी वर्षांनी कुणीतरी पुन्हा त्याला हाक मारली होती, आणि त्यांच्या तोंडून जे यायचं तेच आलं. भानावर आल्या तशा त्यांनी तोंडावर हात ठेवला. "अगंबाई! काय बोलले मी!"

आता सार्जंट मेजरनं काय करावं? पुस्तकात याला उत्तर नाही. लॉइड सरळ पुढं बघत उभा होता, गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते पावसाचं नव्हतं. तो म्हणाला, "ठीक आहे. आम्ही थांबतो."

मग पुढचं नाव पुकारलं. आणि पुढच्या घरचा म्हातारा पुढं झाला, "हजर" म्हणायला तोंड उघडलं, आणि म्हणाला, "आलाच." त्यानंतर सगळे तेच म्हणाले. तेव्हापासून त्या बटालियनच्या नावांना आपण "हजर" म्हणत नाही. दुसऱ्या पलटणींचे पाहुणे येतात आणि विचारतात, ही चूक कशी काय चालवून घेता? आम्ही म्हणतो, आमच्याकडे असंच म्हणतात.

गेल्या मार्चमध्ये हेस्टरमावशी गेल्या. लग्न केलं नव्हतं, मागे कुणी नाही. शेवटच्या आठवड्यात लॉइड आणि मी त्यांना भेटायला गेलो. मी त्यांच्यासाठी माशांचं सूप नेलं होतं, त्यांनी दोन चमचे माझं मन राखायला घेतले. मग त्या लॉइडला म्हणाल्या, "आता नोव्हेंबरात त्याला ओ कोण देणार रे? तू हाक मारशील, आणि तिकडून काहीच येणार नाही."

"मी देईन, मावशी."

"तुला कसं चालेल? तू तर हाक मारणारा."

लॉइडनं टोपी गुडघ्यावर फिरवली. "मग हाक मारायचं सोडतो," म्हणाला.

मला वाटलं, मरणाऱ्या बाईला धीर द्यायला बोलला असेल. पुढच्या मंगळवारी त्यानं राजीनामा दिला. गुडघे ठणठणीत आहेत त्याचे. कर्नलसाहेबांशी वाजलेलं नाही. वहिनींनी काही निवडायला सांगितलेलं नाही. या माणसाला फक्त गणवेश उतरवून घरच्यांच्या रांगेत उभं राहायचं होतं.

लॉइड, तुला मी फार चिडवलं. पण तुझ्याबरोबर एकाच मंगळवारी भरती झाले, याचा मला अभिमान वाटतो. झालं, हेही बोलून टाकलं.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल अध्यक्षमहोदयांची, आणि दहाची पंचवीस मिनिटं होऊ दिल्याबद्दल आपणा सर्वांची मी ऋणी आहे. जे सांगू नको म्हणून ठेवलं होतं ते सांगून बसले, एखाद्याचं नाव राहिलं, अप्पर कीथबद्दल एखादा शब्द जास्त गेला, तर मोठ्या मनानं सोडून द्या.

आणि लॉइड, येत्या अकरा नोव्हेंबरला नवे सार्जंट मेजर ऑरिनचं नाव घेतील, तू साध्या कोटात पुढं होशील. तेव्हा तुझा तो कवायतीचा आवाज लावू नकोस रे बाबा. मावशी पलटणीला सांगत नव्हत्या, आईला सांगत होत्या. तेवढ्याच आवाजात सांग.