जगातलं स्वस्त नेट

मोबाईलच्या नेटवर पोरीचा अभ्यास अडायला लागला, म्हणून मी काष्टी गावच्या वायफायवाल्याला घरी बोलावलं. महिन्याचे सहाशे म्हणत होता, पाचशेवर येतच आला होता. तेवढ्यात कॅनडातल्या धाकट्या दिरांचा व्हिडिओ कॉल आला, आणि आमचं भाव ठरवणं त्यांच्या कानावर पडलं.

"वहिनी, घासाघीस कशाला? आमच्याकडं पाच हजार पडतात. जगात सगळ्यात स्वस्त नेट तुमचंच."

वायफायवाला परत सहाशेवर जाऊन बसला.

मी विचारलं, "भाऊजी, ते पाच हजार किती वेळात कमावता?"

"दोन-तीन तासांत."

"मला सहाशेसाठी दोन दिवस कांदा खुरपावा लागतो. मग स्वस्त कुणाचं?"

"वहिनी, आवाज तुटतोय," म्हणाले आणि फोन बंद.

मी वायफायवाल्याला म्हटलं, "बघ, पाच हजारांचं नेट एका प्रश्नात बंद पडलं. तुझ्याचा काय भरवसा? पाचशेच घे."