मोकळा डबा

आता हसू येतं, पण त्या दिवशी माझं डोकंच चालंना बघा. मी दवाखान्यात औषधं देतो. सकाळी स्टीलच्या डब्यातनं औषधं वॉर्डात जातात, उरलेली त्याच डब्यातनं माझ्याकडं परत येतात.

तेर गावच्या एका चाचांना मी पाच इंजेक्शनं पाठवली होती. पाचही टोचून झाली, चाचांना सुट्टी मिळाली. जाता जाता चाचींनी डबा खिडकीवर ठेवला. उघडला, तर आत तीन इंजेक्शनं!

कुण्या पेशंटला द्यायची राहिली का काय? सिस्टरना फोन लावला.

"अहो, मी डबा मोकळाच दिलाय चाचींकडं!"

मोकळ्या डब्यात इंजेक्शनं आली कुठनं? मी चाचींकडं बघितलं.

"आमचीच हैत बेटा. पहिल्या दिशी बाहेरनं आणलेली, ती उरली."

"मग आमच्या डब्यात कशाला घातली?"

"घ्या! दुसऱ्याचं भांडं मोकळं परत देत्यात व्हय?"

"चाची, बाहेरचं औषध आमाला घेता येत न्हाय. ज्या दुकानातनं आणलं तिथंच परत करा."

फुटू नयेत म्हणून ती मी त्याच डब्यात घालून दिली. हीच चूक झाली.

चार दिवसांनी चाचींनी डबा आणून दिला. झाकण उघडलं, तर काठोकाठ शेंगदाण्याची चटणी.

दुपारी सिस्टरचा फोन, "डब्यात काय आलं का परत?"

तोंडातला घास कसाबसा गिळला आन् म्हणलं, "काय न्हाय, मोकळाच हाय."