दुबई की शारजा?

आमच्या घुग्घुसच्या प्रशांतची अक्कल आयका. परदेशात नोकरी लागल्यावर चार महिने यानं मायले फोन नाई केला. परवा केला तवा मी त्याच्या मायच्या, शांताबाईच्याच घरी चहा पीत होतो. फोन स्पीकरवर होता.

“आई, दुबईत घर घेऊ की शारजात? दुबईत ट्रॅफिक लय, शारजात धूळ लय.”

दारावरून कोळशाचे ट्रक जातात म्हणून शांताबाई दिवसातून तीनदा ओसरी झाडते. तिले हा धूळ सांगून राह्यला!

अर्धा तास त्याचं हेच चाललं. मंग शांताबाई म्हणाली, “बापू, जिथून मायले फोन लागते, तिथी राह.”

अन् तो शहाणा काय म्हणते?

“आई, नेटवर्क तर दोन्हीकडं मस्त हाये!”