जपून ठेवलेला बेडका

...तीन वर्षं हो, तीन वर्षं त्यांनी माझा बेडका फ्रीजरमध्ये जपून ठेवला! आमच्या कारखान्यानं माझी निवृत्तीची फाइल सहा महिन्यांत हरवली, आणि ह्या लॅबवाल्यांनी माझं थुंकलेलं नाव-तारीख घालून सांभाळलं... कशाला? तर म्हणे पुढे संशोधनाला लागेल. लागलं ना!

तुम्हाला सांगतो, तीन वर्षांपूर्वी मला टीबी झाला तो अगदी साधा. सहा महिने गोळ्या घ्या, विषय संपला. पण गोळ्या कसल्या? लघवी शेंदरी, तोंड कडू, बांगडा खाल्ला तर पुठ्ठा चावल्यासारखा! दोन महिन्यांत खोकला गेला, वजन चार किलो वाढलं. मग धडधाकट माणसानं औषध कशाला घ्यायचं? मला बरं वाटत होतं हो!

घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी लेक अपूर्वा. बायको जाऊन आठ वर्षं झाली. अपूर्वा ऑफिसला निघताना दारातून विचारायची, ‘बाबा, गोळी?’ मी म्हणायचो, ‘घेतली गं.’ आणि गोळी पाकिटातून काढून थेट बेसिनमध्ये! पाकीट रिकामं दिसायला पाहिजे ना. एकतीस वर्षं मुलुंडच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होतो, दुसऱ्यांची लबाडी पकडायचा पगार घेतला मी.

वर्षभरानं खोकला परत आला. टीबीच्या दवाखान्यात गेलो असतो तर तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं असतं, कोर्स पूर्ण केला होता ना? नकोच ती कटकट. स्टेशनजवळच्या एका डॉक्टरकडे गुपचूप गेलो, टीबीचं अवाक्षर काढलं नाही, त्या बिचाऱ्यानं छातीत कफ समजून एक स्ट्राँग गोळी दिली. तीसुद्धा अर्धीच घेतली. मला... बरं वाटत होतं.

आणि ह्या मार्चमध्ये अपूर्वा खोकायला लागली. चोवीस वर्षांची पोर. तपासणीत आलं, टीबी, आणि नेहमीच्या गोळ्या चालणारच नाहीत. मग माझी तपासणी. मलाही तेच! दोघांचे नमुने संशोधनाला गेले.

पंधरा दिवसांनी जान्हवी म्हणून तिथली एक संशोधक पोरगी, आम्हाला दोघांना समोर बसवून लॅपटॉप उघडते. म्हणते, ‘काका, जंतूच्या आत जनुकांची चव्वेचाळीस लाख अक्षरं असतात. आम्ही ती वाचतो. तुमचा तीन वर्षांपूर्वीचा जंतू साधा होता, कुठल्याही गोळीनं मेला असता. मग तो पहिल्या गोळ्या पचवायला शिकला. मग ती दुसरी, स्ट्राँग.’

अहो, हिला कोणी सांगितलं? बेसिनचं मी देवालासुद्धा कळू दिलं नव्हतं! पण जे जे मी अर्धं सोडलं ते ते ह्या जंतूनं आपल्या अंगावर लिहून ठेवलं होतं, तेही क्रमानं... आणि मला कुठून दुर्बुद्धी सुचली, मीच विचारलं, ‘हिचा जंतू कुठला?’

जान्हवीनं लॅपटॉप आमच्याकडे वळवला. म्हणाली, ‘दोघांत फरक एका अक्षराचा आहे, काका.’

अपूर्वानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सगळं शिकून तयार झालेला जंतू मी माझ्या पोरीला दिला हो! डॉक्टर म्हणतात, उरलेल्या औषधांनी ती बरी होईल, बहुतेक. बहुतेक! ह्या शब्दाचं मी काय करू, सांगा.

मग दोघांचे फॉर्म आले. रोज समोर उभं राहून गोळ्या घ्यायला लावणारी जबाबदार व्यक्ती कोण? माझ्या फॉर्मवर अपूर्वानं स्वतःचं नाव लिहिलं. तिच्या फॉर्मसाठी मी खिशातलं पेन काढलं... तर हळूच म्हणाली, ‘तुम्ही नको, बाबा.’ आणि लिहिलं, नंदकुमार. आमचा वॉचमन!

आता रोज सकाळी नंदकुमार गेट सोडून वर येतो, तिच्या गोळ्या मोजतो. मग ती मास्क लावून माझ्यासमोर उभी राहते, ‘आ करा. जीभ वर.’ मी करतो. मला बरं वाटत असो, नसो.

परवा नंदकुमार जाताना म्हणाला, ‘काका, पोरगी लय इमानदार हां तुमची. एक गोळी चुकवत नाही.’

म्हटलं, हो रे बाबा. आईवर गेलीय.