उत्तरासाठी थांबणाऱ्या विजयाताई

मुक्ता, अक्कलकोटच्या मावशी, आणि ताईंसाठी जमलेले आपण सगळे.

बोलायला उभा राहिलोय खरा, पण सवयीनं नजर ताईंनाच शोधतेय. चुकलो तर टोकायला त्या हव्या होत्या.

जुळे सोलापुरात दोन खोल्यांत ताईंनी सॉफ्टवेअरचं ऑफिस काढलं. इराप्पा आणि मी तिथं नवे. पहिलं काम रक्तपेढीचं. पिशवी आली की नोंद करायची, लेबल छापायचं. एकदा प्रिंटरमधला कागद संपला. छपाईच्या फंक्शननं तसा एरर कोड, म्हणजे बिघाड सांगणारा आकडा, परतही दिला. आमच्या प्रोग्रॅमनं तो पाहिलाच नाही. पडद्यावर आलं, ‘लेबल छापले’. बिनलेबलाची पिशवी तिथल्या सिस्टरांनी वेळीच बाजूला काढली, म्हणून निभावलं.

ताई रागावल्या नाहीत. इराप्पा म्हणाला, “ताई, छपाई कदी फसत न्हाय की.”

“मग ते फंक्शन उत्तर कशाला देतंय? ऐकून तर घे.”

ताईंचा नियम असा: उत्तरात शून्य आलं तर काम झालं. दुसरा आकडा आला तर काय बिघडलं ते त्यात असतं. आधी ते बघायचं, मगच पुढची ओळ.

हाच नियम चहालाही. चहा सांगायला गेलेल्यानं परत येऊन बोलायचं. सांगितला, नाहीतर टपरी बंद. गुपचूप येऊन बसलं की ताई चष्म्यावरून बघत राहायच्या. माझी बायको अजून चिडवते, भाजी घेऊन आलात की दारातच ‘शून्य’ म्हणता.

मग ताई आजारी पडल्या. शेवटचा रिपोर्ट आणायला इराप्पा गेला. सगळं ठीक आहे म्हणायचं, असं आम्ही ठरवलं होतं. मुक्ता, त्यांची लेक असून तूही रडत हो म्हणालीस.

ताईंनी विचारलं, “इराप्पा, शून्य आलं का?”

त्यानं रिपोर्ट त्यांच्यापुढं धरला.

“न्हाय, ताई.”

ताईंनी त्याला जवळ बसवलं. म्हणाल्या, “बरं झालं. आता पुढचं ठरवता येईल.”

आणि ठरवलं. मावशींना अक्कलकोटहून बोलावून घेतलं. दोघी बहिणी कानडीत काय बोलायच्या, कोण जाणे, पण हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा. मुक्ताला त्यांनी सगळं नीट समजावलं. खोटं ‘ठीक’ सांगितलं असतं, तर हे दिवस मिळाले असते का?

इराप्पा, तू मागं बसलायस. पुढं ये.

आता आपण ताईंना मनातून हाक मारू. उत्तर येणार नाही, ठाऊक आहे. पण हाक मारली की उत्तरासाठी थांबायचं, हे त्यांनीच शिकवलंय.

उभे राहूया. थोडं थांबूया.