नववी गाठ

नाही, असं नाही गं धरायचं. दांडा मुठीत आवळलास तर अर्ध्या तासात हात भरून येईल — दोन बोटं आणि अंगठा, बस्स. हां. आता फिरव. सावकाश, कुणी मागे लागलंय का तुझ्या? बघ, या रुळावरून कापड सुटतंय, त्या रुळावर गुंडाळतंय, पेटीच्या मधल्या चौकटीत मावेल तेवढंच लोकांना दिसणार. गेलं ते गेलं, यायचंय ते यायचंय. चाळीस हात कापड आहे, दहा चित्रं. चित्रं माझी, गाणं धाकटीचं. — काय? तो आवाज होय? काही नाही, आतल्या खोलीत धाकटी आहे, माझी बहीण. भिंतीवर चमचा वाजवते. सवय आहे तिची. तू तिकडे नको लक्ष देऊस, तू इकडे काठ बघ.

बोट लाव काठाला. लागली ना गाठ? लाल दोऱ्याची. एका चित्राला एक गाठ. दांडा फिरवणारी पेटीच्या मागे बसते, तिला सगळं उलटं दिसतं, म्हणून तिने बोटांनी वाचायचं. गाठ लागली की हात मंदावायचा, गाणारीचं कडवं होऊ द्यायचं, मग पुढे. मंदावायचा म्हणाले हं — थांबवायचा नाही, कधीच नाही. आमच्या वेळी आत हा एवढा दिवा असायचा, तापून नुसता निखारा. कापड सरकत राहिलं तर ठीक, एका जागी राहिलं की करपलंच म्हणून समज. आणि गाणारीला दुसरा नियम. तिची पेटीकडे पाठ, ती डोळे मिटून गाणार, तेव्हा तिने मनात चित्रं मोजत कान ठेवायचा दांड्याच्या कुरकुरीवर. दांडा वाजला, चित्र सरकलं, की पुढचं कडवं. नाही सरकलं तर तेच पुन्हा. दहा वेळा म्हणावं लागलं तरी तेच. दोन्ही नियम मीच केले. धाकटीने आयुष्यात एकदा मोडला नाही, एवढी शहाणी पोर. — तुमचे दिवे थंड असतात ना? हात लावला तरी गार? म्हणजे तुम्ही एका चित्रावर हवं तेवढा वेळ थांबू शकता. काही जळत नाही, काही नाही. चैन आहे बाई तुमची.

मला तर हसूच येतं. तीस वर्षं या पेट्यांना कुणी विचारत नव्हतं, लोकांनी माळ्यावर टाकल्या, चुलीत घातल्या, आणि आता तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या पोरी दारात उभ्या — मावशी, शिकवा ना, मावशी, पुन्हा सुरू करायचंय. करा की. मी कुठे नाही म्हणते? पण नवव्या गाठीपर्यंत. ते मी पहिल्या दिवशीच बोलले होते तुला. पुढचं कापड खराब आहे, शनिवारच्या खेळात नववं चित्र दाखवा आणि दिवा मालवा. लोक टाळ्या वाजवतात, त्यांना काय कळतंय?

गोष्ट तशी साधीच. एक मुलगी रात्रीतून घर सोडते, नावेत बसते, नदी ओलांडते. आठव्यात ती नावेत पाय ठेवते. नवव्यात नाव मधोमध — पाण्यात घराचा दिवा अजून दिसतोय. दहाव्यात पलीकडचा काठ. नवव्याचं कडवं संथ आहे, ‘हळू वल्हव नावाड्या, दिवा दिसतो अजून.’ दहाव्याचं मात्र भरभर — ‘आता वल्हव भरभरा, मागे उरलं न कोण.’ ऐक, धाकटी तेच वाजवतेय बघ. टक… टक… टकटक… टक. हळू वल्हव. सकाळी डोळा उघडला की सुरू, मी ताट आत सरकवते तेवढ्यापुरतं थांबतं. तेच एक कडवं, तीस वर्षं. डोक्यावर परिणाम झालाय, दुसरं काय.

हां, मंदाव आता, नववी येतेय. — तो डाग ना? दिसला वाटतं. दिसणारच, तळहाताएवढा तर आहे. नावेच्या बरोबर खाली. ठिगळ लावलं मी मागून, पण तपकिरी कडा काही जात नाही. झालं काय, की हाताला मुंग्या आल्या माझ्या. भर खेळात. हात थांबला, कापड करपलं, मागच्या पडद्याने पेट घेतला. लोक सगळे सुखरूप बाहेर पडले, धाकटीच्या घशात तेवढा धूर गेला, तेव्हापासून आवाज नाही तिला. चौकशी झाली तेव्हा मी सांगितलं, दिवा जास्त तापत होता. दिवा कुणाचा? दिवेवाल्याचा. त्यानेच नवीन बसवला होता आठ दिवसांपूर्वी. मग काय, त्याला गावात कुणी उभं करेना, गेला कुठेतरी निघून. गेला ते बरंच झालं.

का म्हणजे? तुला काय करायचंय? — बरं, ऐक, त्यात लपवण्यासारखं काही नाही. खेळाच्या आधी मी तिची वेणी घालत होते. आईच्या मागे मीच वाढवली तिला, वेणी मीच घालायची. तर आरशात बघून म्हणते कशी, ताई, आजचा शेवटचा खेळ हं. मी त्यांच्याबरोबर जातेय. त्यांच्याबरोबर! परवापर्यंत ‘अहो दिवेवाले’ होता तो. मी पेड आवळले. वेणी घातली, फूल माळलं, मागे जाऊन बसले. एक गाठ, दोन गाठी, छान चाललं होतं. नववी बोटाला लागली आणि माझ्या मनात आलं, आता हा दांडा मी फिरवला की नाव पोचली. माझ्याच हाताने. — मुंग्या कसल्या गं, काही मुंग्याबिंग्या नव्हत्या. मी हात काढून मांडीवर ठेवला.

आणि तिने नियम पाळला बघ. हळू वल्हव, एकदा. हळू वल्हव, दोनदा. मला मागून दिसत होतं — नावेखाली पिवळं झालं, मग तपकिरी, मग धूर. लोकांना वाटलं नदीवरचं धुकं आहे, वाहवा वाहवा करत होते. ती तिसऱ्यांदा गायली, चौथ्यांदा गायली, खोकत खोकत गायली, पण पुढचं कडवं घेतलं नाही. वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिला वाटलं असणार, ताईच्या मनात काहीतरी आहे, ताई सरकवेल. एवढा विश्वास माझ्यावर. मला काय माहीत पडदा एवढा चटकन पेटेल? मला फक्त थोडा वेळ हवा होता, एवढंच. — अशी नको बघूस माझ्याकडे. तीस वर्षं मी केलंय तिचं. अंघोळ, जेवण, वेणी. अजून मीच घालते वेणी, पांढरी झाली तरी.

डॉक्टर म्हणाले होते, बाहेरच्या हवेत न्या, माणसांत न्या, फरक पडेल. डॉक्टरांना काय जातंय बोलायला? तिचा तोल जातो. म्हणून तर कुलूप. ती किल्ली ना, त्याच कुलपाची, खिडकीपाशी खिळ्यावर. नाही, शनिवारी नाही येणार ती. खुर्ची ठेवा नाहीतर पालखी पाठवा, नाही येणार. तुम्ही तिला विचारायचंही नाही. मी सांगतेय ना, तिला काही कळत नाही. समोर दार उघडं टाकलं तरी —

अगं. अगं, हात काढ. नववी झाली ना? थांबव. पुढचं खराब आहे म्हटलं ना तुला, फाटेल ते, तीस वर्षांत उलगडलेलं नाही — अगं पोरी, दांडा वाजतोय. नववीच्या पुढे वाजतोय, तिला ऐकू जातंय!

थांबली. चमचा थांबला बघ. बघितलंस काय केलंस? आता दिवसभर जेवायची नाही ती, आता मी —

हे काय आहे?

हे ते नाही. टकटक टकटक टकटक — हे ते नाही, हे भरभरचं आहे. आता वल्हव भरभरा. तिला आठवतंय. सगळं आठवतंय तिला, एक मात्रा चुकत नाहीये. म्हणजे इतकी वर्षं ती — नुसती — वाट बघत होती? मी सरकवायची?

नको फिरवूस. पाया पडते तुझ्या. बघ, काठ आला, नाव लागली, हे चित्र मी काढलं तेव्हा किती हौसेने काढलं होतं… संपलं. कापड संपलं. ती पण थांबली.

दाराखालच्या फटीत बघ. पाय दिसतायत तिचे. उभी आहे. तोल जातो म्हणाले ना मी, बघ कशी सरळ उभी आहे.

झाली आजची शिकवणी. तू जा. माझे गुडघे उठू देत नाहीत, नाहीतर सोडायला आले असते. पेटी राहू दे, चपला घाल आणि जा. जा म्हणते ना — ते खिळ्यावरचं कशाला काढलंस? ठेव. ठेव ते खाली. अगं, तिकडे कुठे? अगं, ते बाहेरचं दार नव्हे —